डॉक्टर, मले खरं सांगा



आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात, नात्यात किंवा शेजारात कॅन्सरचा एखादा रुग्ण होऊन गेला आहे. अशा घरी भेटीला गेलो की उंबऱ्यावरच कोणीतरी आपल्याला बाजूला घेते आणि हळू आवाजात सांगते, "त्यांना माहीत नाही बरं का. तुम्ही काही बोलू नका." आपण मान डोलावतो, आत जाऊन खाटेजवळ बसतो, पाऊसपाण्याच्या गोष्टी करतो आणि "लवकर बरे व्हा" म्हणून परत येतो. रस्त्यावर आल्यावर मात्र मनाला काहीतरी बोचत राहते. आपण त्या माणसावर दया केली की त्याला फसवले?

हा प्रश्न माझ्यापुढे पहिल्यांदा आला तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. एम.बी.बी.एस. होऊन एका मोठ्या सरकारी रुग्णालयात कॅन्सरच्या वॉर्डात निवासी डॉक्टर म्हणून नुकताच लागलो होतो. साल १९९८. त्या वर्षी मी एका माणसाला जे उत्तर दिले, ते आजही माझ्या मनातून गेलेले नाही. म्हणून हा लेख.

वॉर्डातला सर्वांत लहान डॉक्टर

पहिल्या वर्षाचा निवासी डॉक्टर म्हणजे वॉर्डातला हरकाम्या. पहाटे उठून सगळ्या रुग्णांचे रक्त काढायचे. केमोची औषधे घेऊन घेऊन ज्यांच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या आहेत, त्यांच्या हातावर सुईला जागा शोधायची. पोटात साठलेले पाणी काढायचे, रक्तपेढीत चकरा मारायच्या, केसपेपर लिहायचे, संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा. कोणी गेले तर मृत्यूचा दाखलाही त्यानेच भरायचा. खाटेवर रुग्ण, खाटेखाली सतरंजीवर त्याची बायको किंवा मुलगा, आणि उशाशी डब्यांची पिशवी. सकाळी मोठे सर राउंडला येत. ते प्रत्येक खाटेपाशी दोन-तीन मिनिटे थांबत आणि आमच्याशी इंग्रजीत बोलत. रुग्णाला भाषा कळत नसे. तो फक्त आमचे चेहरे वाचत असे.

आमच्या बोलण्यात 'कॅन्सर' हा शब्द कधी येत नसे. आम्ही 'सी.ए.' म्हणायचो, केसपेपरवरही तेच लिहायचो. गावाकडची माणसे 'मोठा आजार' म्हणत, 'गाठीचा आजार' म्हणत, नाहीतर नुसते 'ते' म्हणत. म्हणजे सगळा वॉर्ड ज्या एका गोष्टीसाठी होता, तिचे नाव घ्यायला शिकलेले आणि अडाणी दोघेही सारखेच भीत होते.

दिवसा मोठे डॉक्टर असतात, नातेवाईक असतात, सारखी वर्दळ असते. रात्री दोन वाजता मात्र रुग्ण जागा असतो आणि जवळ असतो तो सर्वांत लहान डॉक्टर. खरे सांगण्याचा अधिकार त्याला नसतो. तो निर्णय वरिष्ठांचा. पण खरा प्रश्न रुग्ण त्यालाच विचारतो.

माझ्याकडे ते काका होते. वय साठीच्या आसपास, वर्धा जिल्ह्यातलेच कोरडवाहू शेतकरी. अन्ननलिकेचा कॅन्सर यकृतापर्यंत पोहोचला होता. घास उतरत नव्हता, म्हणून नाकातून नळी घातली होती. मुलाने पहिल्याच दिवशी मला व्हरांड्यात गाठून हात जोडले होते. "डॉक्टरसाहेब, बाबांले काही सांगू नका. ते हाय खातील." मी हो म्हणालो. काकांना सांगण्यात आले की अन्ननलिकेत जखम आहे, औषधाने भरून येईल.

एका रात्री सलाईन बदलताना त्यांनी माझे मनगट धरले. "डॉक्टर, मले खरं सांगा. सोयाबीन निघेपर्यंत मी घरी जाईन न जी? घरी एक काम अडलं हाय माहं." मी त्यांच्याकडे पाहिले आणि अगदी सहज म्हणालो, "जाल की काका. दिवाळी घरीच करा." त्यांनी मनगट सोडले आणि डोळे मिटले. त्यांना बरे वाटले असे मला वाटले. मलाही बरे वाटले.

दसऱ्यानंतर आठवड्याभरात ते गेले. दाखला घ्यायला त्यांची मुलगी आली. नवरा वारल्यापासून ती दोन लेकरांसह माहेरीच राहत होती. कागद हातात घेऊन ती थांबली. "बाबांले माहीत होतं का?" मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "मग तुम्ही काहून नाई सांगतलं? दोन एकर माह्या नावानं करून देतो म्हणे. दिवाळीत घरी आलो का तलाठ्याकडे जातो म्हणे. ते दिवाळीची वाट पाहत होते."

ती भांडली नाही. कागद घडी करून पिशवीत ठेवला आणि निघून गेली. त्या दोन एकरांचे पुढे काय झाले ते मला कळले नाही.

मला तेव्हा माहीत नव्हते, पण पुढे कळले की मृत्युपत्र करायला तलाठी लागत नाही आणि मुद्रांकाचा कागदही लागत नाही. साध्या कागदावर, शुद्धीत असलेल्या माणसाची सही किंवा अंगठा आणि त्याच्यासमोर दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढे पुरते. ते काम त्याच रात्री त्या खाटेवर झाले असते. कागद माझ्या टेबलावर होता. अडले होते ते फक्त माझ्या उत्तरामुळे.

लपवणाऱ्यांची बाजू

आता घाईने न्याय करू नये. जे नातेवाईक "सांगू नका" म्हणतात ते वाईट नसतात. उलट तेच खाटेखाली झोपतात, बैलजोडी विकून औषध आणतात, रात्रभर पाय चेपतात. आपल्याकडे आजारी माणूस एकटा आजारी नसतो, त्याच्याबरोबर सगळे घर आजारी असते. त्यामुळे त्याच्या आजाराची बातमी ही घराची बातमी आहे, ती कोणाला कधी सांगायची ते घर ठरवील, असे त्यांना वाटले तर त्यात नवल नाही. शिवाय आशेवर माणूस जगतो, हेही खरेच आहे. 'कॅन्सर' ऐकताच जेवण सोडलेली, भिंतीकडे तोंड करून पडून राहिलेली माणसे मी पाहिली आहेत.

काही जण म्हणतात, खरे सांगण्याचा हा आग्रह पाश्चात्त्य आहे, आपला नव्हे. पण इतिहास वेगळेच सांगतो. अमेरिकेत १९६१ साली डोनाल्ड ओकेन या डॉक्टरने शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारले, कॅन्सर असल्याचे तुम्ही रुग्णाला सांगता का? सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. त्यांची कारणेही आपल्यासारखीच होती : रुग्ण खचेल, आशा सोडील. १९७९ साली दुसऱ्या संशोधकांनी तसेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत काटा पूर्ण उलटा फिरला. तेव्हा लपवणे ही काही फक्त भारतीय रीत नाही. भीती सगळीकडे सारखीच असते.

हा बदल का झाला? उपचार सुधारले हे एक कारण. आणखी एक म्हणजे कोणीतरी रुग्णांचेच ऐकू लागले. १९६५ साली शिकागोत धर्मशिक्षण घेणारे चार विद्यार्थी डॉ. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्याकडे आले. त्यांना मरणासन्न माणसांविषयी अभ्यास करायचा होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग त्या माणसांनाच विचारू या. त्या वॉर्डावॉर्डांत गेल्या आणि बोलता येईल असा मरणासन्न रुग्ण कोणी आहे का, म्हणून विचारू लागल्या. एवढ्या मोठ्या रुग्णालयात तसा एकही रुग्ण नाही, असे उत्तर त्यांना मिळाले! पुढे रुग्ण भेटले, तेव्हा त्यांतले बहुतेक बोलायला उत्सुक होते. कितीतरी जणांना न सांगताच सगळे कळलेले होते.

एक पडदा आणि दोन माणसे

हे माझ्याही वॉर्डात घडले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची एक बाई होती, चाळिशीतली. तिचा नवरा मला गाठून म्हणाला, "तिले सांगू नका, ती हाय खाईल." दोन दिवसांनी ड्रेसिंगच्या वेळी तीच बाई मला म्हणाली, "मले माहीत हाय मले का झालं ते. पण आमच्या ह्यांले सांगू नका, ते हाय खातील." दोघेही एकमेकांना जपत होते. दोघेही एकाच खाटेशी बसून रडू आवरत होते, आणि दोघेही अगदी एकटे होते.

मी काय करावे ते मला कळेना. आमच्या वॉर्डात केरळकडच्या एक वयस्क सिस्टर होत्या. मोडक्यातोडक्या मराठीत बोलत, पण रुग्ण त्यांची वाट पाहत. मी त्यांना सांगितले. त्या काहीच बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी त्या खाटेभोवती पडदा ओढला, नवऱ्याला आत स्टुलावर बसवले आणि बाईला म्हणाल्या, "ताई, तुला काय वाटते, काय झाले तुला? त्याला सांग." आणि बाहेर येऊन पडद्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, कोणाला आत जाऊ दिले नाही. बराच वेळ आतून रडण्याचा आवाज आला. मग हळूहळू बोलण्याचा. शेवटी तर चक्क वादाचा आवाज येऊ लागला. मुलीचे लग्न उरकायचे की तिला बारावी होऊ द्यायची, यावर दोघे हुज्जत घालत होते. सिस्टर हसल्या. कितीतरी दिवसांनी ते दोघे नवरा-बायको झाले होते.

त्या सिस्टरांनी मला जे शिकवले ते पुस्तकातही आहे, हे मला नंतर कळले. २००० साली अमेरिकेतील एम. डी. अँडरसन या कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांनी वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत प्रसिद्ध केली. आज ती अनेक ठिकाणी शिकवली जाते. तिच्यात आपण काय सांगतो याच्या आधी दोन प्रश्न येतात : तुम्हाला काय माहीत आहे? आणि तुम्हाला किती जाणून घ्यायचे आहे? म्हणजे आधी विचारायचे, मग सांगायचे. रुग्ण जेवढे मागेल तेवढे, जेवढे पेलेल तेवढे.

कारण न ऐकण्याचाही हक्क असतो. एका म्हातारीने मला स्पष्ट सांगितले होते, "मले नको सांगू बाप्पा. जे सांगाचं ते माह्या पोराले सांग." मी तिला काही सांगितले नाही, आणि त्याची टोचणी मला कधीच लागली नाही. तो निर्णय तिचा होता. काकांनी मात्र मला विचारले होते, आणि त्यांच्या वतीने निर्णय मी घेतला. या दोन प्रसंगांतला फरक हाच माझ्या मते या प्रश्नाचा गाभा आहे. सत्य हे डॉक्टरचे नाही आणि मुलाचेही नाही. ज्याचा देह, त्याचे ते सत्य. ते मागण्याचा किंवा नाकारण्याचा हक्क त्याचा.

आपला कायदाही हळूहळू याच दिशेला आला आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम म्हणतात की डॉक्टराने आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. मात्र माहिती रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार स्नेह्यांना असावी, एवढेच त्यात आहे. आम्ही त्या 'किंवा'चा आडोसा घेत आलो. पुढे २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की रुग्ण सज्ञान आणि समर्थ असेल, तर शस्त्रक्रियेला संमती त्याचीच हवी. त्याच्या आईने दिलेली चालणार नाही. २०१८ साली त्याच न्यायालयाने, शेवटच्या काळात आपल्याला कोणते उपचार नकोत हे आधी लिहून ठेवण्याचा हक्क मान्य केला. पण ज्याला आजाराचे नावच सांगितले नाही, तो कशाला संमती देणार आणि काय लिहून ठेवणार?

तयारीचा वेळ

बंधुभगिनींनो, आता थोडे आपल्या श्रद्धेकडे वळू. आज कोणालाही विचारा, मरण कसे हवे? उत्तर येते, झोपेत यावे, कळूही नये. आपले पूर्वज याच्या अगदी उलट प्रार्थना करीत. संतांच्या जुन्या लितानीत, अचानक आणि तयारीविना येणाऱ्या मरणापासून आम्हांला सोडव, अशा अर्थाची विनवणी आहे. त्यांना मरणाची भीती नव्हती असे नाही. पण ज्यांची क्षमा मागायची, ज्यांना क्षमा करायची, ज्याचे देणे फेडायचे, ज्याला शब्द दिला आहे, ते सर्व उरकल्याशिवाय जाणे त्यांना अधिक भीतीचे वाटे.

कॅन्सर हा क्रूर आजार आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण हृदयविकाराचा झटका किंवा रस्त्यावरचा अपघात जे देत नाही, ते तो बहुतेक वेळा देतो : थोडा वेळ. कोणाला वर्षे, कोणाला महिने, माझ्या काकांना सहा आठवडे. आपण खोटे बोलतो तेव्हा आजार काही कमी होत नाही. रुग्णाकडून आपण काढून घेतो तो एवढाच वेळ. तो अंथरुणावर असतो, पण तयारीसाठी मिळालेले त्याचे दिवस आपण "दिवाळी घरीच करा" म्हणून खर्च करून टाकतो.

फादरांना बोलावण्याच्या बाबतीतही आपण हेच करतो. "फादर आले की त्यांना समजेल," म्हणून घरचे लोक थांबतात, आणि शुद्ध हरपल्यावर धावपळ करतात. या संस्काराला पूर्वी अंतिम अभ्यंग म्हणत, म्हणून ही भीती. पण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले की याला आजाऱ्यांचा अभ्यंग म्हणणे अधिक योग्य, तो केवळ अखेरच्या घटकेसाठी नाही. १९७२ साली त्याचा विधीही सुधारण्यात आला. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, आजार गंभीर झाल्याबरोबर, माणूस शुद्धीवर असताना तो घ्यायचा आहे. तरी साठ वर्षे होऊन गेली, आपण अजून फादरांना उंबऱ्यावर थांबवतो.

सत्य हे तोंडावर फेकायचे असते, असेही ख्रिस्तसभा म्हणत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात सत्य सांगण्याचा विचार करताना प्रीतीचे आणि सत्याविषयीच्या आदराचे भान ठेवायला सांगितले आहे. कुठे, केव्हा, किती बोलावे, हे प्रीतीने ठरवायचे. मात्र प्रीतीने ठरवायचे म्हणजे आपल्या सोयीने ठरवायचे नव्हे. मी काकांशी खोटे बोललो ते दयेपोटी, असे मी कित्येक वर्षे मानत होतो. नीट आठवले तेव्हा कळले की मला रात्री दोन वाजता त्यांच्या डोळ्यांत पाहायचे नव्हते. मला झोपायला जायचे होते. दयेचे नाव दिले की भित्रेपणा ओळखू येत नाही.

दत्तपूरचा धडा

"पण सांगून पुढे काय? बरे तर करता येत नाही," असे काही तरुण डॉक्टर म्हणतात. त्यांना मी आपल्या नालवाडीजवळच्या दत्तपूरची आठवण देतो. विनोबा नालवाडीत राहत असताना त्यांचे एक सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ साली तेथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे काम सुरू केले. त्या वेळी या रोगावर खात्रीचे औषध नव्हते. चालमोगऱ्याचे तेल होते, त्याचा भरवसा नव्हता. सल्फोन गटातली औषधे १९४० च्या दशकात आली, आणि आजची अनेक औषधांची एकत्रित उपचारपद्धती तर १९८१ नंतर. म्हणजे दिवाणांनी काम सुरू केले तेव्हा ते कोणालाही बरे करण्याचे वचन देऊ शकत नव्हते. जखमा धुणे, काम देणे, शेजारी बसणे, एवढेच त्यांच्या हाती होते. तो रोगही लोक असाच लपवत, त्याचेही नाव घेत नसत, आणि रोग्याला गावाबाहेर काढत. दत्तपूरला रोगाचे नाव घेऊन माणसाला जवळ केले गेले.

कॅन्सरच्या बाबतीत हेच काम डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनला सेंट ख्रिस्टोफर हॉस्पिस काढून केले, आणि आपल्या देशात १९८६ साली मुंबईला बांद्र्यात शांती अवेदना सदन सुरू झाले. टाटा रुग्णालयातील कॅन्सर शल्यचिकित्सक डॉ. एल. जे. डिसोझा यांनी ते स्थापन केले. भारतातले हे पहिले हॉस्पिस. जेथे उपचार संपतात तेथे डॉक्टरचे काम संपत नाही, हे या घरांनी दाखवले.

खरे सांगायचे तर त्याबरोबर वेदना कमी करण्याची तयारीही हवी. नाहीतर खरे सांगणे म्हणजे रुग्णाला अंधारात ढकलून दार लावून घेणे होईल. माझ्या वॉर्डात तेव्हा मॉर्फिन सहज मिळत नसे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे परवाने इतके किचकट होते की बहुतेक रुग्णालये त्या वाटेला जात नसत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वाट थोडी मोकळी झाली. आपल्यातले काही जण अजून म्हणतात की दुःख सोसणे हाच भक्तीचा मार्ग, औषध कशाला? पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच डॉक्टरांना सांगितले होते की वेदना शमवण्यासाठी अशी औषधे देण्यास हरकत नाही, त्याने आयुष्य किंचित कमी होण्याचा संभव असला तरीही. हेतू वेदना शमवण्याचा हवा. मात्र रुग्णाची शुद्ध विनाकारण हरपू नये, त्याला आपली शेवटची कर्तव्ये पार पाडता यावीत, हेही त्यांनी बजावले होते. कर्तव्ये पार पाडायची तर आपली वेळ आली आहे हे त्याला ठाऊक हवे.

मग आपण काय करावे? पुढच्या वेळी कोणी उंबऱ्यावर "त्यांना माहीत नाही" म्हणाले, तर त्यांच्याशी वाद घालू नका, आणि आत जाऊन भांडेही फोडू नका. फक्त एवढे विचारा, "त्यांनी कधी काही विचारले का?" विचारले असेल, तर डॉक्टरांशी एकदा सगळे मिळून बोला. आत गेल्यावर "काही नाही होत, बरे व्हाल" असे म्हणू नका. "कसं वाटतंय? मनात काय येतं?" असे विचारा आणि गप्प बसा. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसून होते. तोवर ते चांगले मित्र होते. बिघडले ते बोलू लागल्यावर. आणि फादरांना लवकर बोलवा.

आपल्या मुलामुलींपैकी जे आज डॉक्टर किंवा परिचारिका होत आहेत, त्यांना एवढेच सांगतो. वॉर्डात तुम्ही सर्वांत लहान असाल, काही ठरवण्याचा अधिकार तुम्हाला नसेल. पण प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल. त्या वेळी खोटे बोलण्याची गरज नसते. "मी उद्या सकाळी सरांना तुमच्याशी बोलायला सांगतो, आणि तेव्हा मीही इथेच असेन," हे वाक्य पहिल्या वर्षाच्या डॉक्टरलाही म्हणता येते. आणि म्हटल्यावर सकाळी खरोखर तेथे असले पाहिजे.

ते काका आज माझे मनगट धरतील, तर मी सलाईन लावून झाल्यावर स्टूल ओढून बसेन. म्हणेन, "काका, तुम्हाला काय वाटतं?" ते सांगतील ते ऐकेन. मग म्हणेन, "सोयाबीन निघेपर्यंतचं मला सांगता येत नाही. आजार मोठा आहे. पण दुखू देणार नाही, आणि मी इथेच आहे. घरी कोणतं काम अडलं आहे म्हणालात?" ते सांगतील. मग मी टेबलावरचा एक कोरा कागद घेईन, आणि सिस्टरांना साक्षीला बोलवीन.